पित्त नाही, डाय

आमच्या घरात अंगावर काहीही उठलं की त्याला पित्त म्हणतात आणि आमसुलाचं पाणी चोळतात. त्यामुळे मला केसांच्या कडेला आणि कानामागे खाज सुटली, तेव्हा निकाल आधीच लागलेला होता.

"वांगं बंद कर," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. केलं. मग दही बंद, अंडं बंद. मी उकडलेला दुधी गिळत बसले आणि खाज आपली जोमात! महिन्याभराने पुन्हा तेच, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. मानेवर पुरळ आलं, कपाळ लाल झालं, पापण्या जड व्हायला लागल्या.

मुलाच्या साखरपुड्याला तर कहर झाला. सकाळी उठले तर डोळेच उघडेनात. पापण्या पुरीसारख्या टम्म फुगलेल्या, कानामागून पाणी गळतंय. कोथरूडच्या हॉलमध्ये मी काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसले. मुलाने अंगठी घातली म्हणे. मला फक्त टाळ्या ऐकू आल्या. असा संताप आला होता, काय सांगू!

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी मी काय खाल्लं ते विचारलंच नाही.

"केस कधी रंगवले?"

"दोनच दिवसांपूर्वी. समारंभ होता ना."

"आणि मागच्या खाजेच्या आधी?"

मी बोटांवर महिने मोजायला लागले. दर वेळी आधी डाय, मग खाज! बिचाऱ्या वांग्याचा काही संबंधच नव्हता. सूज उतरल्यावर त्यांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली. डायच्या रसायनाची पट्टी होती तिथे लालभडक झालं. "पुन्हा लावलंत तर याहून वाईट होईल," त्या म्हणाल्या. "ओठ-जीभ सुजली, श्वास अडकायला लागला, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. आमसूल नाही."

हे घरी सांगितलं, तर जाऊबाई काळी मेंदी घेऊन हजर. "अगं, ही नैसर्गिक आहे. लग्नात काय पांढऱ्या डोक्याने मिरवणारेस?"

मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. डॉक्टरबाईंनी लिहून दिलेलं तेच रसायन. "वहिनी, राहू द्या तुमच्याकडेच," म्हटलं.

नवरा मध्ये पडला. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांच्या पापण्या सुजत नाहीत. आणि अहो, तुमचं टक्कल झाका असं मी कधी म्हटलंय का?"

विषय संपला. लग्न दिवाळीनंतर होतं. तोवर मी डायला हात लावला नाही, आणि लग्नाआधी पार्लरमध्ये जाऊन उरलेसुरले काळे केस कापून टाकले. मोरपंखी पैठणी नेसले आणि आखूड, पांढऱ्याशुभ्र केसांनी दारात अत्तर लावायला उभी राहिले.

मुलीकडच्या एक बाई आल्या. "आपण नवरदेवाच्या आजी का?"

नवरा स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला.

"नाही, आई. साखरपुड्याला केस काळे होते आणि डोळे बंद. आज उलट आहे."

"अगं बाई!" मागून जाऊबाई. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली तशी मी सगळ्यांना सरकवत पार पुढे गेले. अंतरपाट खाली आला. माझ्या मुलाने मान वर करून नवरीकडे पाहिलं आणि हसला, लबाड कुठला. मी पाहिलं. सगळं पाहिलं.