तळवे बघणारी कुंदाबेन

बारशाला आलेली बाई आधी पाळण्यात डोकावते, बाळ कुणावर गेलंय ते सांगते आणि पेढ्याची वाट बघत बसते. कुंदा यातलं काहीच करत नसे. ती सरळ दुपट्यात हात घालून बाळाचं एक पाऊल बाहेर काढी आणि स्कूटरच्या किल्लीच्या बोथट टोकानं टाचेपासून करंगळीच्या बाजूनं वर एक हलकी रेघ ओढी. बाळाचा अंगठा टुणकन वर होई, बाकीची बोटं फाकत. "पंखा उघडना!" पंखा उघडला, असं अहिराणीत म्हणून ती टाळी वाजवी, आणि मग दुसऱ्या पावलाची पाळी येई.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असंच. साल नव्वद, सुरतेतल्या आमच्या मेडिकल कॉलेजच्या क्वार्टर्स, ऑफिसातल्या एका क्लार्कच्या नातवाचं बारसं. बाळाच्या पणजीला वाटलं, ही खानदेशातली काही चाल असेल. तिनं कुंदाच्या ओटीत नारळ घातला आणि कुंदानं तो खुशाल घेतला.

मी त्याच कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवायला नुकतीच रुजू झाले होते, त्यामुळे ही चाल कुठली ते मला ठाऊक होतं. मोठ्या माणसाच्या तळव्यावर अशी रेघ ओढली तर अंगठा खाली वळतो. वर गेला, तर मेंदूत किंवा मज्जारज्जूत काही बिघडलंय असं डॉक्टर समजतो. तान्ह्या बाळाचा मात्र वरच जातो, कारण मेंदूकडून पायांकडे निघालेल्या तंतूंवर अजून पुरतं वेष्टण चढलेलं नसतं. हे सगळं मीही वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर मार्क मिळवले होते. पण बारशाला जाऊन ते डोळ्यांनी बघावं, हे मला कधी सुचलं नव्हतं. तिथेच माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं.

कुंदाही माझ्याच विभागात, आणि तिथे मराठी अशा आम्ही दोघीच. विभागप्रमुख साहेबांनी विषय वाटून दिले होते. मेंदू, मज्जारज्जू आणि गर्भातली त्यांची वाढ कुंदाकडे, हातपाय माझ्याकडे. आता हातपाय काही वाईट नसतात. पण मेंदू शिकवणारीकडे लोक ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं मांडीचं हाड शिकवणारीकडे बघत नाहीत. माझं शिक्षण पुण्याचं, मार्क तिच्याहून जास्त. ती इथल्याच डिंडोलीच्या वस्तीत वाढलेली, वडील कापडाच्या लूमवर कामाला, घरी अहिराणी, शाळा गुजराती. ती मला "पुणेवाली" म्हणायची आणि तेही अशा कौतुकानं, की रागावायची सोय नाही. मुलं तिला कुंदाबेन म्हणत. मला मॅडम.

एकदा साहेबांनी मला तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तिचं शिकवणं बघायला सांगितलं. आता मला शिकवणं शिकायला पाठवताहेत, तेही हिच्याकडून, म्हणून मी आधीच फणफणत गेले होते. कुंदानं पहिल्या बाकावरच्या मुलीची ओढणी मागून घेतली आणि टेबलावर पसरली. वर्गात ती इंग्रजी, गुजराती, हिंदी यांची भेळ करून बोलायची. सारांश आपल्या भाषेत सांगते. "ही सपाट पट्टी. आता बघा, दोन्ही काठ उचलले, मधे पन्हळ झाली. काठ जुळले, नळी झाली. वरचं टोक फुगलं तो मेंदू, बाकीचा मज्जारज्जू. शिवण मानेपाशी सुरू होते आणि वर न खाली, दोन्हीकडे सरकते. महिनाभरात सगळं बंद. आणि गंमत काय? आईला अजून पत्ताच नाही की पोटात कुणी आहे!"

मग तिनं पर्समधून जरीची एक रीळ काढली. लहानपणी ती शेजारच्या जरीच्या कारखान्यात जाऊन तासन् तास बसत असे. आत साधा दोरा, वरून गुंडाळलेली चपटी चकचकीत तार. रीळ बाकांवरून फिरू लागली. "मज्जापेशीपासून असाच लांब दोरा निघतो. जन्मतो तेव्हा बराचसा उघडाच असतो. मग शेजारच्या पेशी येऊन त्याला गुंडाळतात, गुंडाळतच राहतात. तार चढली की निरोप पळत जातो. तोवर रांगत जातो. मग बाळ मान धरतं, बसतं, उभं राहतं. जिथली तार आधी पुरी होते, तिथलं काम आधी सुरू होतं."

वर्ग सुटल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, तार दोऱ्यावर मळसूत्रासारखी चढते आणि मज्जातंतूवरचं वेष्टण जागच्या जागी थरावर थर बसतं, शिवाय त्यात मधे मधे फटी असतात. तुझी उपमा शास्त्राला धरून नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "खरंय गं तुझं. उद्या सांगते पोरांना. फटींचं तर राहूनच गेलं," म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात खरोखर सांगितलं, वर माझं नाव घेऊन. भांडायला गेलेल्या माणसाचं इतकं नुकसान दुसरं कुणी करू शकत नाही.

'तार चढायची आहे' हे तिचं सगळ्यांवरचं औषध होतं. कुणी मुलगा तोंडी परीक्षेत ततपप करू लागला, की मी पेन उघडायची आणि ती म्हणायची, "थांब, तार चढतेय त्याची." नवा शिपाई चुकीची बादली आणी, तिचे यजमान हजिऱ्याच्या कंपनीच्या बसमध्ये डबा विसरत, सगळ्यांची तार चढायची असे. मी एकदा चिडून विचारलं, "आणि माझी गं?" ती म्हणाली, "तुझी तार जास्त झाली. जरा उलगडायला पाहिजे." सबंध स्टाफरूम हसली.

एक्क्याण्णव साली माझी मुक्ता झाली. तिच्या बारशाला कुंदानं रेघ ओढली, पंखा उघडला, टाळी वाजली. रजा संपल्यावर प्रश्न आला, बाळाला ठेवायचं कुठे? माझे तास आणि शवविच्छेदनाचं काम दुपारी, कुंदाचे तास सकाळी. ती समोरच्याच ब्लॉकमध्ये राहायची. "इथं टाकून जा की," ती म्हणाली, "माझे दोघं शाळेतून येतात तोवर मला तरी काय काम असतं?" तिला मूलबाळ नसतं तर मी मनाची समजूत घातली असती, की बिचारी माया लावतेय. पण तिला चांगले धडधाकट दोन मुलगे होते. माझ्या मुलीची तिला काही गरज नव्हती, आणि तरी मुक्ता घरी येताना तिच्या गळ्याला अशी चिकटायची की मला एकेक बोट सोडवावं लागे.

मुक्ताचा पहिला वाढदिवस झाला, त्यावर चार महिने गेले, आणि ती काही चालेना. धरून उभी राही, बसून जाई. सासूबाई पत्रातून विचारत, क्वार्टर्समधल्या बायका जिन्यात विचारत. पायाचा प्रत्येक स्नायू, त्याचा उगम, त्याची नस मला तोंडपाठ, आणि माझीच मुलगी ते स्नायू वापरत नव्हती. मी मनातून घाबरून गेले होते. कुंदा मात्र रोज दुपारी किल्ली फिरवून बघायची आणि म्हणायची, "दोन्ही पाय सारखे, अंगात जोर चांगला. घाई नको करू. चालंल." मला त्या दिवसांत एकच गोष्ट हवी होती. ती चालली पाहिजे, आणि पहिलं पाऊल माझ्याकडे टाकलं पाहिजे. यातलं दुसरं मी कुणाला बोलले नव्हते.

एका दुपारी मी वर्गात शिरले तर पुढच्या बाकावरची मुलं खुशीत. "मॅडम, मुक्ताचा अंगठा खाली वळायला लागला ना!" कुंदानं सकाळच्या तासाला त्यांना सांगितलं होतं. तार कशी पुरी होते याचं ताजं उदाहरण म्हणून माझ्या मुलीचा अंगठा अख्ख्या वर्गाला ठाऊक झाला होता, फक्त आईला नव्हता. संध्याकाळी मी तिच्या दारात जाऊन विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू रात्रंदिवस रेघा ओढत बसली असतीस. पोरीचा तळवा सोलून निघाला असता," ती म्हणाली. "आणि तू घरी असतेस कुठं, सांगायला?"

ती हे सहज बोलली, पण ते मला इतकं लागलं की पुढे आठवडाभर मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिच्या ते लक्षातही आलं नाही, म्हणून मी आणखी चिडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारचं काम आटोपून, हाताला फॉर्मेलिनचा वास घेऊन मी परतत होते. कुंदा ब्लॉकच्या फाटकातच उभी होती, पदर खोचलेला, केस सुटलेले. "चालनी व माय, पोर चालनी!" ती लांबूनच ओरडली. इतकी वर्षं गेली, तरी तो आवाज कानात आहे. मुक्ता कपाटाचा आधार सोडून तिच्या गुडघ्यापर्यंत आली होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी आनंदले. खरंच आनंदले, डोळ्यांत पाणी आलं, कुंदाला मिठी मारली. आणि त्या मिठीतच मला वाटलं, ही बाई आज घरी नसती तर किती बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी आमच्या बैठकीत हात पसरून बसले. खुळखुळा वाजवला, बिस्किट दाखवलं. मुक्ता भिंतीला टेकून माझी गंमत बघत राहिली. हे बँकेतून आले, त्यांनी हात पसरले, तरी नाही. तेवढ्यात कुंदा वाटीतून काहीतरी घेऊन आली, दारातच थांबली, आणि आमची चिमुरडी भिंत सोडून डुलत डुलत निघाली. माझ्या पसरलेल्या हाताला घासून पुढे गेली आणि कुंदाच्या साडीत तोंड खुपसून उभी राहिली. हे टाळ्या वाजवत होते. मी उठून चहा टाकायला गेले.

"तूच शिकवलंस तिला," मी नंतर म्हणाले. माझा सूर काही चांगला नव्हता. कुंदा म्हणाली, "मी काय शिकवणार? तिचं तयार झालं, ती चालली. मी फक्त समोर बसलेली होते." हा तिचा साधेपणा तेव्हा मला शुद्ध नखरा वाटायचा. एवढं मोठं श्रेय कुणी असं झटकून टाकतं का?

मुक्ता अडीच वर्षांची असताना कुंदाला सौराष्ट्रातल्या एका कॉलेजात वरची जागा मिळाली. चौऱ्याण्णवच्या प्लेगाच्या आदल्या वर्षी ती सुरत सोडून गेली. सामान टेम्पोत चढत होतं, मुक्ता तिच्या कडेवर होती आणि काहीतरी अखंड बडबडत होती. कुंदा माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ती माले इसरी जाई." मी उगीच म्हटलं, छे, असं कसं विसरेल? "पुणेवाली, मला शिकवतेस?" ती म्हणाली. "आठवण धरून ठेवायचं काम मेंदूतल्या ज्या भागाकडे आहे, तो अजून कच्चा आहे हिचा. या वयातलं काही राहत नाही. माझ्या दोघांनाही राहिलं नाही. बरंय ना, रडणार नाही फार दिवस." हे धडे मलाही पाठ होते. तिच्या तोंडून ते ऐकताना मला वाईट वाटलं, आणि आत खोल कुठेतरी हायसंही वाटलं.

तिच्यामागे मेंदू आणि मज्जारज्जू माझ्याकडे आले. मुलगीही पुरती माझी झाली. महिनाभर ती समोरच्या बंद दारावर थापा मारायची, मग थांबली. जे हवं होतं ते सगळं मिळालं, म्हणून मी सुखात असायला हवी होते. पण वर्गात मी ते काठ जुळण्याचं शिकवायला लागले की कुंदाच्या वर्गात बसलेला, नापास होऊन मागे राहिलेला एखादा मुलगा शेजाऱ्याच्या कानाला लागायचा, आणि तो काय सांगतोय हे मला न ऐकताच कळायचं.

पाच वर्षांनी कुंदा आमच्याकडे बाहेरची परीक्षक म्हणून आली. तोंडी परीक्षा संपवून दुपारी जेवायला घरी येणार होती. खरं सांगते, त्या दिवसाची मी वाट बघत होते. बेल वाजली, मुक्तानं दार उघडलं आणि आत तोंड करून ओरडली, "मम्मी, कोई मासी आव्या छे!" कोणीतरी मासी. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. कुंदा थोडी जाड झाली होती, केस पांढरे झाले होते. तिनं चपला काढल्या, खाली वाकली आणि जिला कडेवर घेऊन वाढवलं त्या मुलीला विचारलं, "तुझं नाव काय गं?"

मी जिंकले होते. पण त्या प्रश्नानं माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

जेवण अर्धं होईपर्यंत मुक्तानं तिला शाळेच्या वह्या दाखवल्या होत्या, मैत्रिणींची भांडणं सांगितली होती आणि खुर्ची सोडून तिच्या मांडीला रेलून उभी राहिली होती. एवढ्यात! मला पुन्हा तसंच पोटात दुखलं, अगदी त्याच जागी. आणि तरीही मी गप्प राहू शकले नाही. हे दुसरं कुणी तिला सांगणार नव्हतं. मी म्हणाले, "मुक्ता, ह्या कुंदामावशी. तुला चालायला ह्यांनी शिकवलं."

मुक्तानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "चालायला काय शिकवायचं असतं? ते तर आपोआप येतं!"

कुंदा हसायला लागली. घास हातात, डोळ्यांतून पाणी, मागे रेलून ती हसतच राहिली. "ऐकलंस, पुणेवाली? तुला आणि मला जे शिकवायला वर्ष लागतं ते हिनं एका वाक्यात सांगून टाकलं!" मुक्ताही काही न कळता तिच्याबरोबर हसू लागली. मी त्या दोघींना वाढत होते. कुंदाचं म्हणून जे एवढं एक श्रेय या घरात राहिलं होतं तेही गेलं, आणि ते ऐकून ही बाई इतकं पोटभर हसू शकते, याचा मला त्या क्षणी जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कशाचाच वाटलेला नाही.