कोळंबीवरचं लोणी

दादाचा ट्रंक कॉल आला तेव्हा मी मुंबईत ऑफिसात होतो. खरखरीतून एवढंच कळलं की तापाचं निमित्त होऊन सुमनवहिनी गेली. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "आणि नाना?" गेली होती वहिनी आणि मला काळजी लागली वडिलांची... त्या सासऱ्या-सुनेचं मेतकूटच तसं होतं.

सुरुवातीला मात्र ते जमलेलं नव्हतं. आई गेल्यावर दादाने नानांना वेंगुर्ल्याहून उचलून थेट चंडीगडला, सेक्टर २२ मधल्या भाड्याच्या घरात आणलं. समुद्राकाठी जन्म काढलेला माणूस काही महिन्यांत निम्मा झाला. जेवायला बसायचे, भात चिवडायचे आणि उठायचे. त्या थंडीत मी बर्फ आणि भुसा भरलेल्या डब्यातून कोळंबी आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, घेऊन पोचलो, तर नानांनी मला दारातच धरलं. "बापू, जाताना माका तुझ्यावांगडा गावाक ने." गावच्या घराला कुलूप होतं. तिथे एकट्याने राहिले असते तर नाना फार दिवस टिकले नसते, हे वहिनीला आमच्याहून आधी कळलं होतं.

ती पुण्याच्या पिढीजात शाकाहारी घरातली. पदर नाकाला लावून तिने डब्यात डोकावून पाहिलं आणि जाहीर केलं, "सोलणं-बिलणं मला जमायचं नाही. अख्खंच उकडते. ज्याने त्याने आपापलं सोलून खावं." धुण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मोठ्या पातेल्यात मीठ, मिरी आणि नानांच्या पिशवीतली तिरफळं. आधी बटाटे आणि शलगम, मग कुर्ल्या, शेवटी कोळंबी. बाजारातून आणलेला नारळ खवट निघाला. मग तिने वरच्या मजल्यावरच्या सरदारणीने दिलेलं पांढरं लोणी वितळवलं, त्यात ठेचलेला लसूण आणि गावची मिरचीपूड सढळ हाताने घातली आणि तो लालभडक प्रकार सगळ्यावर ओतला. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून वर ढीग मांडला.

नाना बघतच राहिले. मासळीबरोबर दूध-लोणी खाल्लं की अंगावर कोड येतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"म्हावऱ्यार लोणी घातलंस?"

वहिनीचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलंच नाही हो, नाना. मला चवही बघता येत नाही. कसं झालंय ते तुम्हीच सांगा."

नानांनी तिच्याकडे बघितलं. मग एक कोळंबी सोलली, लोण्यात बुडवली आणि तोंडात टाकली. "वायट नाय," म्हणाले. आणि दुसरी उचलली. त्या दिवशी बोटं चाटेपर्यंत जेवले. मी निघालो तेव्हा त्यांची ट्रंक खाटेखालीच होती. "पुढल्या खेपेक तिसरेय हाड," एवढी शिंपल्यांची फर्माईश तेवढी केली.

मग दर थंडीत माझा डबा ठरलेला, आणि नानांचं 'गावाक ने' म्हणणंही. मिरची किती यावरून दोघं तासभर भांडायची. तो पदार्थ त्या घराचा सण होऊन बसला, आणि कोड कुणालाच आलं नाही.

या खेपेला मी डबा नेणार नव्हतो, पण नानांचाच निरोप आला. दादाशी माझं बोलणं झालं होतं. गावच्या घरात आता चुलतभाऊ राहतो. नानांना तिकडे नेऊन सोडायचं. एवढी वर्षं तोंडी असलेली त्यांची इच्छा पुरी होईल, आणि त्यांना अडवणारीही आता नव्हती. लिहितानाही हे वाक्य मला सोसत नाही.

उकडायला मीच बसलो. मासळी पडण्याआधी वहिनी आपल्यापुरते बटाटे आणि शलगम लहान पातेल्यात काढून ठेवायची. माझ्या हातून तेही झालं. सगळे बसले, आणि ते पातेलं मधेच राहिलं.

नानांनी ते आपल्याकडे ओढलं. कोळंबीला हातही लावला नाही. वहिनीचे बटाटे लोण्यात घोळवून सावकाश खात राहिले.

अखेर मीच विचारलं, "नाना, मग गावाक कधी जावया?"

"खंयच्या गावाक?" ते म्हणाले.