आईनं मागून घेतलेला रस्सा

तांबड्या रश्शाचा वास आला की मला नव्वदच्या दशकातला एक रविवार आठवतो. आमच्या घरात 'तृप्त' हा शब्द पाहुण्यांचा होता. गारगोटीचे पावणं ढेकर देऊन "तृप्त झालो, वैनी" म्हणायचे, आणि आई सगळ्यांच्या मागनं उरलंसुरलं घेऊन चुलीपाशी जेवायची.

त्या रविवारी आई दुखण्यातून नुकतीच उठली होती. आबा, म्हणजे माझे वडील, एरवी मटण शिजवायचे ते फक्त शेतावर, मित्रांच्या जेवणावळीत. त्या दिवशी त्यांनी घरी शिजवलं, आईला पाटावर बसवलं आणि पहिलं ताट तिला वाढलं. ती जेवत होती तोवर हातात पळी घेऊन ते शेजारी उभेच होते.

"झालीस न्हवं तृप्त?" त्यांनी विचारलं.

"मीठ कमी हाय की," आई म्हणाली.

आबांचं तोंड उतरलं. मलाही आईचा राग आला. एवढं केलंय, तर चांगलं म्हणायला हिचं काय जातंय?

मग तिनं वाटी पुढं केली. "वाढा आणखी."

आता माझंही निम्मं आयुष्य सगळ्यांना वाढण्यात गेलंय. आईनं जेवताना काही मागून घेतलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.