पहिले डब्बा, मंग नखरे

बोरकुटे काका माझ्या क्लासात पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांच्याकडून कूलर दुरुस्त करून घेतला. दोष सगळा माझा. जुलै महिना होता, पाऊस पडून गेला की नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या आमच्या त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत नुसतं शिजायला होई, आणि कोपऱ्यातला कूलर आठवडाभर ठिबकत होता. घरमालकांना सांगून सांगून मी थकले होते. अशात दारात साठीच्या पुढचा एक माणूस येऊन उभा राहिला. शर्टाच्या खिशात मोजायची टेप, पँटच्या खिशातून डोकावणारी पक्कड. मी म्हटलं, "आलात एकदाचे! तो बघा, तिकडे." ते सरळ कूलरपाशी गेले, बोटाच्या पेरानं पत्र्यावर टक टक केलं, कान लावला आणि म्हणाले, "पत्रा पातळ मारला आहे. कोणं बनवला हा?"

वीस मिनिटांत कूलर ठिबकायचा थांबला. काकांनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि खिशातून घडी घातलेली आमच्या क्लासची जाहिरात काढली. 'संगणकावर चित्रं काढायला शिका. वयाची अट नाही.' ती त्यांनी माझ्यापुढे उलगडून ठेवली. "आता माह्या अ‍ॅडमिशनचं पाहा, मॅडम." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागायला लागले तर मलाच समजावायला लागले, "काहून? कूलर तर सुधरला ना?"

पुंडलिकराव बोरकुटे मूळचे जवळच्या कुही गावाकडचे. चाळीस वर्षांपासून नागपुरात कूलर बनवत होते. फेब्रुवारीत पत्रा आणायचा, मृग लागेपर्यंत मान वर करायची नाही, असा त्यांचा धंदा. "बाकीचा टाइम मी सातवी पास बेरोजगार," असं ते कोणालाही हसत सांगत. माझ्या क्लासातली बाकीची पाच मुलं एकोणीस-वीस वर्षांची. ती मला ताई म्हणत, काका मात्र मॅडम. मी पुण्याच्या एका स्टुडिओत तीन वर्षं चित्रं काढून परत आलेली, वय एकोणतीस, आणि मॅडम म्हटलं की उगाच ताठ बसायची. काकांनी ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना एकच गोष्ट शिकवते. कुठलंही पात्र गोल, चौकोन आणि त्रिकोण यांतूनच उभं करायचं. गोल माणूस जवळचा वाटतो, चौकोनी भरवशाचा, त्रिकोणी जरा बेरकी. मुलांना याचा भारी कंटाळा. त्यांना लगेच हिरोच्या दंडाच्या बेटकुळ्या आणि चिलखताचे पट्टे काढायचे असतात. काका मात्र ते ऐकून खुर्चीत पुढे सरकले. "हेच तर मी चाळीस वर्षं करून राहिलो!" मग मुलांकडे वळून म्हणाले, "पोट्टेहो, पहिले डब्बा, मंग नखरे. तुमचा डब्बाच उभा नाही आणि तुम्ही रंग मारून राहिले." मी दहा वाक्यांत जे सांगितलं असतं ते चार शब्दांत झालं. तेव्हापासून कोणाचं चित्र फसलं की अख्खा क्लास एका सुरात ओरडायचा, "पहिले डब्बा!"

मग त्यांना नादच लागला. जो दिसेल त्याला आकारात बसवायचे. "तुमचे घरमालक पाहा, उलटा त्रिकोण. वरून रुंद, खाली कुठं टेकतच नाही." खालच्या दुकानातला चष्मेवाला म्हणजे दोन गोल आणि त्यांना लटकलेला माणूस. एकदा मी विचारलं, "आणि मी?" काकांनी मला आधी नीट पाहून घेतलं. "तुम्ही गोल आहे, मॅडम. पण चौकोनाची अ‍ॅक्टिंग करता." पोरं फिसकन हसली आणि मी त्या दिवशी सगळ्यांना दुप्पट गृहपाठ दिला.

चित्र सुरू करण्याआधी ते टॅबलेटच्या काचेवर पेरानं टक टक करायचे. पहिल्यांदा माझा जीवच वर आला. "काका, फुटेल ना!" तर म्हणाले, "माल कसा आहे ते ऐकून पाहतो." अनडू शिकवलं त्या दिवशीची तर गंमतच. चुकून ओढलेली रेघ मी एका बटणात घालवून दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, स्वतः करून पाहिलं, मग पुन्हा. "कापलेला पत्रा जुडून राहिला, बाप्पा!" तासभर ते नुसते रेघा ओढत होते आणि पुसत होते. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी अनडू वापरायचं नाही असं ठरवलं. हाताला वाईट सवय लागते म्हणे.

त्यांची एक खोड मात्र माझ्या डोक्यात जायची. ते कुठलाही आकार काढला की त्याच्या कडेनं बोटभर पट्टी सोडायचे. चौकोनाला चार पट्ट्या, त्रिकोणाला तीन, गोलाला तर दात्यांसारख्या बारीक बारीक. मी विचारलं, हे काय? "दुमडायले जागा नको का?" पत्रा कापताना कडेला तेवढी जागा सोडतात, ती आत मोडून दुसऱ्या पत्र्याला जोडतात. चाळीस वर्षांचा हात, तो काचेवरही जागा सोडत होता. मी म्हटलं, "काका, स्क्रीनवर काय दुमडणार तुम्ही?" त्यांना पटलं. "तुमचं बरोबर आहे. पण बिना जागेचा तुकडा मले उघडा वाटते." आणि पुढच्या चित्रात पुन्हा पट्ट्या!

या वयात हा खटाटोप कशासाठी, ते त्यांनी पोळा झाल्यावर सांगितलं. मुलगा बंगळुरूला, नात पिहू सात वर्षांची. दर रविवारी व्हिडिओ कॉल. काका तिला कुहीच्या अस्वलाची, तळ्यातल्या मगरीची, नाही नाही त्या गोष्टी सांगायचे. ती ऐकायची आणि "ओके आजोबा, बाय" करून पळायची. "लेकरू गोष्ट ऐकून 'मंग?' म्हणते का नाही, मॅडम? मंग काय झालं, मंग कोण आलं? माही पिहू 'मंग' म्हणतच नाही. ओके म्हणते. ओके म्हणजे शटर डाऊन." हे सांगताना ते हसत होते, पण हातातली टेप उगाचच ओढत होते आणि सोडत होते. आपली तोंडी गोष्ट तिला धरून ठेवत नाही, तर चित्रांनी सांगावी, असं त्यांनी ठरवलं होतं. मला एकदम भरून आलं. मी चौकोनाची अ‍ॅक्टिंग करत म्हटलं, "चला, काढा मग."

त्यांनी सिंह काढला. पिहू म्हणाली, "नाइस." राजकन्या काढली. पुन्हा "नाइस," आणि कॉल बंद. काका पडेल चेहऱ्यानं क्लासात आले. मी वैतागून विचारलं, "काका, तुम्ही आयुष्यात सिंह पाहिलाय का?"

"महाराजबागेत, पिंजऱ्यात. झोपला होता."

"मग कशाला काढता? ओळखीतलं कोणी काढा ना!"

 तिसऱ्या दिवशी त्यांच्या स्क्रीनवर एक चौकोन उभा होता. पोटात गोल पंखा, डोक्यावर वाळ्याचे उभे केस, खाली चार पायांवर थोडा तिरपा. मी काही बोलायच्या आतच मला हसू आलं. "हा फर्राभाऊ," काका म्हणाले. "ह्याले सोताच्याच हवेनं सर्दी होते." क्लासातली मुलं खुर्च्या सोडून जमली. माझ्या पुण्याच्या तीन वर्षांत मला असं एकही पात्र साधलं नव्हतं, हे मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही, आता सांगते.

दिवाळीनंतर गोष्ट चित्रांत उतरली. उन्हाळाभर सगळे फर्राभाऊच्या पुढ्यात येऊन बसतात, हिवाळ्यात त्याच्यावर प्लास्टिक टाकून त्याला गच्चीवर ठेवतात. एकटा बिचारा कुडकुडतो, शिंकतो. आणि शेवटच्या चित्रात, ऐन थंडीत, कोणीतरी त्याच्या पत्र्यावर टक टक करतं. संपलं.

पाठवायच्या आधी मी सगळं नीट करायला घेतलं आणि काका जेवायला गेले असताना सगळ्या पट्ट्या पुसून टाकल्या. सफाई म्हणून. ते आले, त्यांनी पाहिलं. त्या दिवशी त्यांनी काचेवर टक टकही केलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर एकूण एक पट्टी परत काढलेली. "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण फर्राभाऊ माहा आहे." मला राग आला. "करा काय करायचं ते," म्हणाले मी, आणि गोष्ट तशीच पट्ट्यांसकट बंगळुरूला गेली.

रविवार आला. पिहूला म्हणे कोणाच्या तरी वाढदिवसाला जायचं होतं, कॉल दोन मिनिटांत आटोपला. सोमवारी काका म्हणाले, "पाहिलं असन तिनं." मंगळवारी म्हणाले, "शाळा असते ना." बुधवारी नुसती टेप ओढत आणि सोडत बसले. मला स्वतःचाच राग येत होता. पट्ट्या राहिल्या म्हणून चित्र बिघडलं, असंच मला अजून वाटत होतं आणि ते तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती.

गुरुवारी भर क्लासात काकांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, आणि समोर पिहू एकटी. तिनं आपणहून फोन करायची ही पहिलीच वेळ. काका घाबरले, "काय झालं वं बाई? सगळे बरे आहेत ना?" तिकडून हिंदीत तक्रार सुरू झाली. तिनं पप्पांकडून चित्रं छापून घेतली होती, शाळेतल्या क्राफ्टसारखी बाहेरच्या रेघेनं कापली होती आणि पट्ट्या दिसल्या तशा आत दुमडून वेगवेगळ्या चित्रांतले चौकोन एकमेकांना चिकटवले होते. फर्राभाऊ तिच्या टेबलावर खरोखरच उभा राहिला होता. फक्त डोकं उघडं. "आजोबा, ऊपरवाला बंद ही नहीं हो रहा!"

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चाळीस वर्षं पत्रा कापणाऱ्या कारागिराला त्याच्या नातीनं अखेर त्याच्या हातातला प्रश्न विचारला होता. "दाखव, दाखव. कटिंग बरोबर आहे, मोड उलटा मारला तू. ती पट्टी बाहेर काढ. आता नखानं दाब. हळू!" त्यांनी माझ्या टेबलावरचा कागद उचलला आणि जिन्यात जाऊन तिला घडी घालून दाखवायला लागले. तो कागद माझ्या वीजबिलाचा होता. इकडे कोणाचाही हात चालेना, सगळे कान जिन्याकडे. झाकण बसलं. पिहूनं विचारलं, वो टक टक किसने किया? काका म्हणाले, "कोणं केलं असन? दार तर बंद होतं. फर्राभाऊनं हळूच एक डोळा उघडला..."

"मंग?" पिहू म्हणाली.

 मग काका धडपडत दारात आले, फोन छातीशी दाबून धरलेला, डोळ्यांत पाणी. "मॅडम, 'मंग' म्हणून राहिली ती! आता काय सांगू? मी पुढचं बनवलंच नाही!" इतके महिने ज्या एका शब्दाची वाट पाहिली, त्याच्या पुढची तयारीच या माणसानं केली नव्हती. एक पोरगा ओरडला, "मांजर! मांजर आली थंडीची झोपायला!" दुसरी म्हणाली, "पिल्लांसकट!" काकांनी मान हलवली, डोळे पुसले आणि जिन्यात परत गेले. त्या दिवशी पाऊण तास मांजर चालली.

महिन्याभरानं काकांनी क्लास सोडला. फेब्रुवारी यायचा होता, सीझन लांब होता. मी विचारलं तर लाजले. "पाच ते सहा माह्यं बुक झालं, मॅडम. पिहू फोन करते. कालची मांजर अजून गच्चीवरच आहे." पाच ते सहा म्हणजे आमच्याच क्लासची वेळ. मी हसून हो म्हटलं आणि ते गेल्यावर मला चक्क रडू आलं. त्यांच्या खुर्चीवर नंतर बरेच दिवस कोणी बसत नव्हतं. पोरं एकमेकांना "पहिले डब्बा" म्हणायची, पण ओरडून नाही.

यंदा मे महिन्यात आमचा कूलर पुन्हा बिघडला. मी काकांना फोन लावला. पलीकडून हातोडीचा ठणठणाट आणि एका लहान मुलीचा आवाज आला. नागपुरात मे महिन्यात शहाणं माणूस येत नाही, पण ही बंगळुरूहून हट्टानं आली होती, पत्रा कापताना पाहायला.

"आजोबा बिझी आहे. कूलर बनवून राहिले. मले सांगा."

मी म्हटलं, "बाई, आमचा पंप सुरू होतो, पण पाणी वर चढत नाहीये."

"मंग?" पिहू म्हणाली.