काकूंच्या हातातला पट्टा

शाळेची बस चालवणाऱ्या त्या माणसाला मुलं नुसतं ‘ड्रायव्हरकाका’ म्हणत. काका तोंडाने फटकळ, पण ब्रेक इतका अलगद दाबायचे की मागच्या बाकावर झोपलेलं पोरही जागं होत नसे. त्यांना हृदयाचा झटका आला तो नशिबाने सुट्टीच्या दिवशी. त्यातून ते उठले तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या मनगटावर एक पट्टा बांधला. तो नाडी मोजायचा, दवाखान्यातला एआयवाला कॉम्प्युटर ती अहोरात्र तपासायचा आणि काही बिनसलं की सिस्टरांना कळवायचा. महिनाभर सगळं ठीक दिसलं तर पुन्हा स्टिअरिंग, नाहीतर कायमचं घरी.

घरी बसणं म्हणजे काकांना शिक्षाच. त्यात रोज सकाळी बदली ड्रायव्हर त्यांची बस खिडकीखालून न्यायचा आणि वळणावर गिअर असा कर्रकन टाकायचा की काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आता नाडी धावणार आणि कॉम्प्युटर चुगली करणार, हे ओळखून त्यांनी शक्कल लढवली. बस यायच्या सुमारास पट्टा काढायचा आणि टेबलाशी भाजी निवडत बसलेल्या बायकोच्या हातात अडकवायचा. काकू म्हणजे कमालीच्या शांत; घरावर वीज पडली तरी आधी हातातली जुडी संपवतील. मग काका खिडकीतून बदली ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. राग ओसरला की पट्टा परत. डॉक्टरांना फसवून काय मिळणार, असं काकू रोज म्हणायच्या आणि रोज हात पुढे करायच्या.

एका दुपारी सिस्टरांनी काकांना बोलावून घेतलं. काकांचे ठोके एरवी उत्तम होते. पण सकाळी थोडा वेळ ते भलतेच वेडेवाकडे पडत, कधी घाईघाईने, कधी अडखळत. अशाने रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाते, अर्धं अंग लुळं पडू शकतं, असं सिस्टर म्हणाल्या. आणखी एक गोष्ट होती. कॉम्प्युटरला हे ठोके दुसऱ्याच कुणाचे तरी वाटत होते.

“काका, सकाळी पट्टा तुमच्याच हातात असतो ना?”

काकांनी मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. काकू हल्ली बोलता बोलता धाप लागून थांबत, आणि ते “म्हातारी झालीस” म्हणून चिडवत. आता खरं सांगितलं तर लबाडी उघडी पडणार, बस हातची जाणार. ‘हो’ म्हटलं तर औषध चुकीच्या माणसाला मिळणार.

“नाही,” ते म्हणाले. “ती माझी बायको असते. माझं राहू द्या, तिला आजच बघा.”

संध्याकाळच्या आत काकूंची तपासणी झाली. ठोके खरंच बिघडले होते, पण गुठळी झालेली नव्हती. वेळेत कळलं, गोळ्यांनी आटोक्यात राहील, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी काकांची चांगलीच खरडपट्टी काढली. महिना पुन्हा पहिल्यापासून मोजायचा ठरला, आणि त्यानंतरही बसचं काही खरं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर काकूंनी हळूच विचारलं, “माझ्यापायी गेली ना बस तुमची?”

काका बराच वेळ त्यांचा हात धरून बसले होते.

“मिळाली तर मिळेल,” ते म्हणाले. “बस काय गं, कुणीही चालवतं.”