पुढचा फाटा

आमचे नाना, माझ्या आईचे वडील, कोणाचीही सिद्धता शेवटच्या ओळीपासून मागे वाचत. "सुरुवातले बठ्ठाच खरं बोलतस," म्हणायचे; सुरुवातीला सगळेच खरे, चूक पुढे असते. धुळ्याच्या कॉलेजात आयुष्यभर गणित शिकवून ते निवृत्तीनंतर धरणगावला जाऊन राहिले.

तिथे मी माझा पीएच.डी.चा प्रबंध घेऊन गेले. सल्ल्याला नव्हे, शाबासकीला. तिशीतली होते; दारावरची 'डॉ.' लिहिलेली पाटी आधीच रंगवून घेतली होती, इतकी शहाणी! विषय होता झाडासारखे अवकाश. म्हणजे अशी जागा, जिथे कुठल्याही दोन बिंदूंमध्ये एकच वाट असते. वळसा नाही, आडवाट नाही. अंतर मोजायचं तेही त्याच वाटेने.

नाना मागून वाचत सत्तेचाळिसाव्या पानावर थांबले. मी लिहिलं होतं, 'आता पुढच्या फाट्याशी जाऊ.'

"पोरी, पुढला फाटा कोठे शे?"

"असेलच ना पुढे, नाना!"

"एस्टीना रस्तावर पुढला फाटा ऱ्हास. आठे दोन फाटास्ना मझार आखो एक फाटा, त्याना मझार आखो एक. मंग पुढला कोन्ता?"

अशा जागेत वाट ठायी ठायी फुटू शकते, कुठल्याही दोन फाट्यांच्या मध्ये आणखी एक फाटा असू शकतो, हे मीच पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं. आणि चित्र काढताना मात्र एरंडोल-पारोळ्याचा रस्ता काढून बसले होते. सगळा प्रबंध त्या ओळीवर उभा.

"माझ्या मार्गदर्शकांना चाललं," मी फणकारले. "तुम्हालाच का खुपतं?"

"मी कोनले सांगाव नही. तूच दख."

आठ दिवस मी त्यांना मनातल्या मनात मनसोक्त शिव्या घातल्या. कोणाला सांगणार नाही, तूच बघ, म्हणाले; त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं वाटत राहिलं. नवव्या दिवशी प्रबंध मागे घेतला.

नवी वाट सापडायला तीन वर्षं गेली. तोवर नाना जळगावच्या दवाखान्यात होते, नजर गेलेली. मी खाटेशी बसून वाचून दाखवलं.

"पुढचा फाटा शोधायचाच नाही, नाना. एकाच बिंदूतून निघालेल्या दोन वाटा जिथवर सोबत जातात, तो शेवटचा बिंदू घ्यायचा. तो असतोच."

"कशावरून?"

मी सांगितलं.

"हाऊ खरा शे. वाच पुढे."

मी वाचत गेले. कुठेतरी अडवतील, चूक काढतील, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा यायला होईल, अशी आशा लावून एकेक पान सावकाश वाचलं. शेवटपर्यंत चूक निघाली नाही. त्याच आठवड्यात नाना गेले.