कापूस बसेल एवढी फट

दादाची ट्रंक माळ्यावरून खाली आली, त्याच आठवड्यात मी माशांच्या पेटीचं काम घरात आणलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. किहीमच्या दक्षिणेला आमचं गाव, आणि तिथल्या किनाऱ्यावर तो तीस वर्षं होड्या बांधत आलेला. एकोणीसशे साठ साल उलटलं तशी यंत्राच्या होड्यांची कामं मोठ्या बंदरांत जाऊ लागली आणि आमच्या वाळूवर नुसते लाकडी टेकू उरले. मुंबईत एका ओळखीच्या माणसाच्या फर्निचर कारखान्यात जागा होती. येतो की नाही, ते पौर्णिमेपर्यंत कळवायचं होतं. दादा गेला की खोली मिळताच वहिनी जाणार. आणि नवरा वारल्यापासून त्यांच्याकडे राहणारी, गावच्या शाळेत शिकवणारी मी त्या घरात एकटी उरणार. दादानं जाऊ नये असं मला वाटत होतं. मी सगळ्या गोष्टींच्या याद्या करते, पण हे कुठल्याच यादीत लिहिलं नव्हतं.

दादाही जायला राजी नव्हताच. "पन्नाशीला नवीन काय शिकनार मी? मला होडी येते," एवढंच म्हणायचा आणि ट्रंकेकडे पाठ करून बसायचा.

पेटी हवी होती किहीमच्या एका निवृत्त गृहस्थांना. बंगल्याच्या व्हरांड्यात समुद्रातले मासे जिवंत ठेवायचा त्यांना नाद. त्यांची आधीची पेटी लोखंडी चौकटीची होती. खिडकीच्या काचेला लावतात तसल्या लांबीनं काचा बसवलेल्या. खाऱ्या पाण्यानं वर्षभरात चौकट गंजली आणि लांबीचे तुकडे पडले. ते मला म्हणाले, "बाई, तुमच्या मिस्त्रींना विचारा. आठ दिवस गळली नाही, तर माझ्या ओळखीचे आणखी चौघे घेतील." चार पेट्या म्हणजे दादाला निदान होळीपर्यंत काम. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

घरी येऊन कागदावर तीन रकाने पाडले. लोखंड आणि काच: गंज. सागवान आणि पुढे एक काच: दादाच्या हातचं काम, पण आतून लावायच्या डांबरानं मासे मरतील. तिसरं ॲक्रिलिक. मुंबईत दुकानांच्या पाट्या करणाऱ्या एकाकडून त्या गृहस्थांनी त्याचे पाव इंच जाडीचे तक्ते आणले होते, दोन पेट्यांना पुरतील एवढे, दोन्ही बाजूंना तपकिरी कागद चिकटवलेले. ना गंजायचं, ना कुजायचं. कशानं चिकटवायचं तेवढं पाटीवाल्यानं सांगितलं होतं: क्लोरोफॉर्मनं.

"भूल द्यायचं औषध?" वहिनीनं विचारलं. "मग मासे पोहणार की घोरणार?"

"ते उडून जातं," मी म्हटलं. "मागे काही राहत नाही."

डॉक्टरांकडून बाटली आणली. काम उघड्या पडवीत, वाऱ्यावर, चूल विझवून. हेही यादीत होतं. दादानं आधी आपली होडीच्या फटी बुजवायची, चंद्रूस-राळ आणि तेलाची लुकण एका तुकड्यावर लावून पाहिली. वाळल्यावर ती पापडासारखी निघून आली. मग त्यानं करवत घेतली. भराभर कापलं की तक्ता तापून करवतीच्या दातांना चिकटायचा, म्हणून हळू, थांबत थांबत. कडा त्यानं होडीच्या फळ्यांसारख्या तासल्या, पेटी उभी करून चारी बाजूंनी दोरीनं आवळली आणि बाटलीतला रस सांध्याला लावला. सांधा धरेना. तेव्हा ॲक्रिलिकचा कीस क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून त्यानं दाट खळ केली आणि बोटानं सांध्यात दाबून भरली. सकाळची दमट वेळ होती. वाळली तेव्हा खळीवर पांढुरका धूर धरल्यासारखा दिसला आणि आत बुडबुडे. मला ते आवडलं नाही. पण सुतारकामातलं मला काय कळतं?

दोन दिवसांनी भरतीचं स्वच्छ पाणी आणून पेटी भरली. तासाभरात खालच्या सांध्याला थेंब आला.

"येऊ दे," दादा म्हणाला. "नवी होडी पयल्या दिवशी पानी खातेच. दोन दिवस पान्यात ऱ्हायली की फळी फुगते. फट आपोआप मिटते, बाय."

हे मी लहानपणापासून बघत आले होते. नवी होडी पाण्यात लोटायची, ती गळायची, पोहऱ्यानं पाणी उपसत बसायचं, आणि तिसऱ्या दिवशी ती कोरडी. म्हणून मी विश्वास ठेवला. आणि ठेवायचा होता म्हणूनही.

सांध्याखाली टिपकागद ठेवला. शाळेत गणितं घालायची आणि मुलं मान खाली घालून सोडवत असली की माझं लक्ष पडवीत. मधल्या सुट्टीत घरी येऊन कागद बघायचा, बदलायचा, परत धावत शाळेत. पहिल्या दिवशी नखाएवढा ओला. दुसऱ्या दिवशी बोटभर. तिसऱ्या दिवशी कागद ठेवण्यात अर्थ नव्हता. खाली परात ठेवली.

दादा उकिडवा बसून सांध्यावरून अंगठा फिरवत होता. "ह्यो फुगत न्हाय," तो म्हणाला.

"दादा, मुळात फट ठेवलीसच कशाला?"

"कापूस बसायला."

वहिनी परात ओतून आली होती. तिनं पेटीकडे नीट बघितलं. "आणि कापूस कुठाय?"

होडीच्या दोन फळ्यांत कापूस ठोकण्यापुरती जागा तो तीस वर्षं ठेवत आलेला. कापूस नसलेल्या पेटीतही हातानं ती ठेवलीच होती.

पौर्णिमेला नऊ दिवस उरले होते. सांधा सुकायला दोन, चाचणीचे आठ. एक दिवस कमीच पडत होता. मी म्हटलं, सुकवायला एकच देऊ. दादा म्हणाला, "सुकू दे त्याला. तुझ्या यादीसाठी तो लवकर सुकनार न्हाय."

या वेळी त्यानं उरलेल्या तक्त्यांतून दुसरी पेटी कापली, सपाट काचेवर पॉलिशपेपर ताणून बसवला आणि कडा त्यावर घासल्या. दोन कडा जोडून उजेडात धरायच्या. उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. पाच वेळा, सहा वेळा. हवा कोरडी झाल्यावर, दहाच्या पुढे, डॉक्टरांकडून आणलेल्या इंजेक्शनच्या सुईनं त्यानं सांध्याच्या टोकाला थेंब सोडला. थेंब आत शिरला आणि रेघेरेघेनं सरळ दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेला. सांधा दिसेनासा झाला.

"घेतलंन की गं ओढून," दादा म्हणाला. दुसऱ्या सांध्याला मी हात पुढे केला, पण त्यानं सुई दिली नाही. तिसऱ्यालाही नाही.

पाणी भरलं. टिपकागद कोरडा. मी दिवसातून सहा वेळा बघायचे. दादा एकदाही नाही. माझी घालमेल वाढत गेली, कारण तो फार शांत होता. उरलेल्या तुकड्यांची त्यानं वहिनीला कुंकवाची डबी करून दिली, मग झाकण, मग त्याला बिजागरी.

चाचणीच्या सातव्या दिवशी पौर्णिमा होती. सकाळी कागद कोरडाच होता. सांगायला गेले तर तो ट्रंक पुसत होता.

"पत्र टाकलं," तो म्हणाला. "येतो म्हनून."

"एक दिवस थांबायचं होतंस. ती गळत नाहीये, दादा."

"म्हनूनच तर. मला वाटलेलं, हात बसला तो बसला, आता होडीशिवाय काय येनार न्हाय. येतंय की." त्यानं फडका झटकला. "चार पेट्यांवर दोन मानसं किती दिस जगनार, बाय? पेटीचं तूच आनलंस ना घरात?"

आणलं होतं. मी कागद-पेन्सिल आणायला आत गेले.

पेटी किहीमला पोचली. गृहस्थ खूश झाले आणि त्यांचे ते चौघे खरंच होते. त्यांना मी दादाचा मुंबईचा पत्ता दिला. गळकी पेटी मी ठेवून घेतली. तिच्यात पापड छान राहतात, किती उरले ते बाहेरून दिसतं.

ट्रंकेची यादी मीच केली होती. रंधा, पटाशी, गुण्या, पॉलिशपेपर, सुई कापसात गुंडाळून. कापूस ठोकायची जाड छिनी मी घातली, ती त्यानं काढून ठेवली. मी परत घातली. तो मुंबईला जायला रेवसच्या लाँचकडे निघाला तेव्हा बघितलं, तर ती माझ्या टेबलावर, शाळेच्या वह्यांवर ठेवलेली होती.